कुत्र्यासाठी घरी फळांचा खाऊ: काय द्यावं, किती द्यावं आणि काय मुळीच देऊ नये

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. मधुमेहाच्या तपासणीसाठी नियमित येणाऱ्या एका आजींनी रिपोर्ट दाखवून झाल्यावर पिशवीतून एक डबी काढली. साखरेऐवजी वापरायची ती पावडर त्यांच्या मुलाने परदेशातून आणली होती. "डॉक्टर, मी ही चहात घेते. आमच्या मोत्याचंही वजन वाढलंय, त्यालाही साखर नको म्हणून सांगितलंय. त्याच्यासाठी केळ्याची बिस्किटं करते, त्यात ही एक चमचा घातली तर चालेल ना?"

मी डबी उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचला. घटक एकच होता: झायलिटॉल. आजींना ती पावडर बेताने घेतल्यास चालण्यासारखी होती. पण दहा किलोच्या मोत्यासाठी तिचा एक चमचा जीवघेणा ठरू शकला असता.

मी माणसांचा डॉक्टर आहे, प्राण्यांचा नाही. तुमच्या कुत्र्याच्या आजारावर आणि आहारावर शेवटचा शब्द पशुवैद्यांचाच. तरीही हा लेख लिहितो आहे, कारण कुत्र्याला अपाय करणाऱ्या बऱ्याच वस्तू माणसांच्या औषधांच्या डब्यात, पथ्याच्या कपाटात आणि प्रसादाच्या ताटात असतात. त्या कुत्र्यापर्यंत पोहोचतात त्याही प्रेमापोटीच.

थोडक्यात महत्त्वाचं

• बहुतेक निरोगी कुत्र्यांना सफरचंद, केळं, पपई, कलिंगड यांसारखी साधी फळं थोड्या प्रमाणात चालतात. बिया, कोय, साल आणि देठ काढूनच द्या.
• द्राक्षं, मनुका, बेदाणे आणि चिंच एकही देऊ नका.
• "शुगर-फ्री" लिहिलेला कोणताही पदार्थ कुत्र्याच्या खाऊत घालू नका.
• सगळा वरखाऊ मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको.
• चुकून काही विषारी खाल्लं तर लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्यांना फोन करा.

कुत्र्याला फळांची गरज असते का?

खरं सांगायचं तर नसते. माणसाला क जीवनसत्त्व बाहेरून घ्यावं लागतं, कुत्र्याचं यकृत ते स्वतः तयार करतं. त्याला योग्य संतुलित आहार मिळत असेल तर फळ दिलं नाही म्हणून काही कमी पडत नाही.

मग फळं द्यायची कशाला? कारण आपण नाहीतरी काहीतरी देतोच. चहासोबतचं बिस्किट, खारी, पावाचा तुकडा, फरसाण, ताटातला शेवटचा घास. या सगळ्यांत मैदा, साखर, मीठ आणि तेल भरपूर असतं. त्यांच्या जागी कलिंगडाच्या दोन फोडी आल्या तर कुत्र्याचा फायदाच आहे. फळ हे नेहमीच्या जेवणात भर म्हणून नाही, वाईट खाऊच्या बदली द्यायचं आहे.

चालणारी फळं आणि ती कशी द्यावीत

• सफरचंद: मधला बियांचा भाग आणि देठ पूर्ण काढा. बियांमध्ये असलेल्या द्रव्यापासून सायनाइड तयार होतं. एखादी बी गिळल्याने लगेच विषबाधा होत नाही, पण ती सवय नको. स्वच्छ धुतलेली साल चालते, म्हाताऱ्या कुत्र्यासाठी सोलून द्या.
• केळं: पिकलेलं, सोललेलं, चकत्या करून. यात साखर आणि उष्मांक इतर फळांपेक्षा जास्त, म्हणून प्रमाण कमी.
• पपई: फक्त पूर्ण पिकलेली. साल आणि बिया काढून.
• कलिंगड आणि खरबूज: बिया आणि जाड साल काढून. उन्हाळ्यात हे सर्वांत सोयीचं, कारण पाणी भरपूर आणि उष्मांक कमी.
• आंबा: साल आणि कोय काढून फक्त गराच्या दोन-तीन लहान फोडी. कोय चघळायला कधीच देऊ नका. ती गिळली गेली तर आतड्यात अडकते आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.
• पेरू: पिकलेला, मधला बियांचा गोळा काढून.
• स्ट्रॉबेरी: धुऊन, देठ काढून, लहान तुकडे करून. डब्यातली पाकातली स्ट्रॉबेरी नको.
• नासपती: सफरचंदाप्रमाणेच, मधला भाग काढून.

नवीन फळ पहिल्यांदा देताना बोराएवढा एकच तुकडा द्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाहा. उलटी, पातळ शी, अंग खाजवणं असं काही झालं नाही तरच पुढे द्या. एका दिवशी दोन नवीन फळं देऊ नका, नाहीतर त्रास कशामुळे झाला ते कळणार नाही. या यादीत नसलेलं फळ द्यायचं असेल तर आधी पशुवैद्यांना विचारा.

मुळीच देऊ नका

द्राक्षं, मनुका, बेदाणे, काळ्या मनुका. यांच्यामुळे कुत्र्याची मूत्रपिंडं अचानक निकामी होऊ शकतात. यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं पशुवैद्यकातले तज्ज्ञ अलीकडच्या वर्षांत मानू लागले आहेत. द्राक्षाची जात आणि पिकण्याची अवस्था यांनुसार हे आम्ल कमी-जास्त असतं. म्हणूनच एखाद्या कुत्र्याने मूठभर द्राक्षं खाल्ली तरी काही होत नाही आणि दुसरा थोडक्यातच आजारी पडतो. "आमच्याने मागे खाल्ली होती, काही झालं नाही" हा अनुभव पुढच्या वेळी उपयोगी पडत नाही. सुरक्षित मात्रा कुणालाच सांगता येत नाही, म्हणून मात्रा शून्य. बेदाणे वाळलेले असल्याने तेवढ्याच वजनात हे आम्ल जास्त असतं.

नाशिक आणि सांगली भागात द्राक्षं आणि बेदाणे घरोघरी असतात. पण इतरांच्या घरीही ते लपून येतात. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात. गणपतीतल्या पंचखाद्यात खारीक-खोबऱ्यासोबत खिसमिस असते. फ्रूट केक, चिवडा, पुलाव, श्रीखंड यांतही असते. देवाचा प्रसाद आहे, एक घास कुत्र्यालाही द्यावा, ही भावना चांगलीच आहे. पण त्याच्यासाठी प्रसादाच्या केळ्याची एक चकती बाजूला काढा.

चिंच. हिच्यातही टार्टारिक आम्ल भरपूर असतं आणि चिंच खाल्ल्यानंतर कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याची नोंद पशुवैद्यकीय साहित्यात आहे. चिंचेचा कोळ, चटणी, सार, चिंचेच्या गोळ्या दूर ठेवा.

चेरी, आलुबुखार, पीच, जर्दाळू आणि बोर. यांची कडक बी घशात किंवा आतड्यात अडकते. पहिल्या चारही फळांच्या बीमध्ये सफरचंदासारखंच सायनाइड बनवणारं द्रव्य असतं.

सीताफळ. बिया खूप, त्या विषारी, आणि सगळ्या काढल्या याची खात्री देता येत नाही. म्हणून नकोच.

अॅव्होकॅडो. गरात चरबी जास्त असल्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि बी मोठी असल्याने अडकते.

लिंबू. त्याची साल आणि सालीतलं तेल पोटाला त्रास देतं.

फळ चांगलं, पण सोबतच्या गोष्टी घातक

घरच्या खाऊत खरा धोका बहुतेक वेळा फळाचा नसतो. चव यावी म्हणून आपण त्यात जे घालतो त्याचा असतो.

झायलिटॉल. हा गोड चवीचा पदार्थ काही शुगर-फ्री पावडरी, च्युइंगगम, मिंटच्या गोळ्या, टूथपेस्ट, माउथवॉश, काही पातळ औषधं आणि काही पीनट बटरमध्ये असतो. माणसाने तो खाल्ला तर रक्तातल्या इन्शुलिनवर फारसा परिणाम होत नाही. कुत्र्याच्या बाबतीत उलट होतं. त्याचं स्वादुपिंड एकदम भरपूर इन्शुलिन सोडतं आणि रक्तातली साखर झपाट्याने उतरते. मधुमेही माणसाने इन्शुलिन जास्त घेतल्यावर जसा घाम, थरथर, चक्कर आणि बेशुद्धी येते, त्याच जातीचा हा प्रकार आहे. मात्रा जास्त असेल तर यकृतही निकामी होतं.

कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.१ ग्रॅम झायलिटॉल साखर उतरवायला पुरेसं ठरतं. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅम. एका सपाट चमच्यात साधारण चार ग्रॅम मावतात. आजींच्या प्रश्नावर मी इतका का दचकलो, ते आता लक्षात येईल.

पाकिटावर हे नाव झायलिटॉल, बर्च शुगर किंवा आयएनएस ९६७ / ई ९६७ अशा कोणत्याही रूपात असू शकतं. सगळ्याच शुगर-फ्री गोळ्यांमध्ये झायलिटॉल नसतं. पण प्रत्येक डबी उलटी करून वाचण्यापेक्षा नियम सोपा ठेवा: कुत्र्याच्या खाऊला गोडवा फक्त फळाचा.

याशिवाय टाळायच्या गोष्टी:

• साखर, गूळ, मध, पाक, जॅम
• मीठ, काळं मीठ, चाट मसाला
• जायफळ. शिकरण, श्रीखंड, बासुंदी यांत ते असतं. जास्त प्रमाणात ते कुत्र्याला बाधतं.
• चॉकलेट, कोको पावडर, कॉफी
• कांदा आणि लसूण, अगदी पावडरसुद्धा
• कच्चं यीस्टचं पीठ. ते पोटात फुगतं.
• बेकिंग पावडर आणि खाण्याचा सोडा. खालच्या कृतींना त्यांची गरजच नाही.

किती द्यावं?

पशुवैद्य साधारण एक नियम सांगतात: दिवसभराच्या उष्मांकांपैकी नव्वद टक्के मुख्य जेवणातून, आणि वरचा सगळा खाऊ मिळून जास्तीत जास्त दहा टक्के. सामान्य हालचाल असलेल्या निरोगी मोठ्या कुत्र्यासाठी अंदाज असा:

• ५ किलो वजन: दिवसाला सुमारे ३५० ते ४०० कॅलरी, त्यात वरखाऊ ३५ ते ४०
• १० किलो: सुमारे ६०० ते ६५०, वरखाऊ ६० ते ६५
• २० किलो: सुमारे १०००, वरखाऊ १००
• ३० किलो: सुमारे १४००, वरखाऊ १४०

फ्लॅटमध्ये दिवसभर झोपून असणाऱ्या, वजन वाढलेल्या किंवा वयस्क कुत्र्याची गरज याहून कमी असते.

आता फळांचे आकडे पाहा. १०० ग्रॅम कलिंगडात सुमारे ३० कॅलरी, पपईत ४०, सफरचंदात ५०, आंब्यात ६० आणि केळ्यात ९०. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याची दिवसाची सगळी मर्यादा एका मध्यम केळ्याच्या साधारण दोन-तृतीयांश भागात संपते. दुपारी कुणी बिस्किट दिलं असेल, रात्री कुणी पोळी दिली असेल तर तीही त्यातच मोजायची. म्हणून फळाला या मर्यादेचा निम्मा भागच द्या.

घरात चार माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, मी तर एकच तुकडा दिला. सोपा उपाय म्हणजे सकाळी एका छोट्या वाटीत दिवसाचा खाऊ काढून ठेवायचा. ज्याला द्यायचं असेल त्याने त्या वाटीतूनच द्यायचं. वाटी रिकामी झाली की खाऊ संपला. हीच युक्ती मी वजन कमी करायला आलेल्या माणसांनाही सांगतो.

घरच्या चार कृती

१. कलिंगड-दह्याचे गार गोळे

एक वाटी बिनबियांच्या कलिंगडाच्या फोडी आणि दोन चमचे साधं, बिनसाखरेचं दही मिक्सरमधून काढा. बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून सहा-सात तास गोठवा. देण्याआधी पाच मिनिटं बाहेर ठेवा, कारण दगडासारखा कडक बर्फ चावताना दात तुटू शकतो. अधाशीपणे गिळणाऱ्या कुत्र्याला गोळा फोडून ताटलीत द्या. फ्रीजरमध्ये आठवडाभर टिकतात. दुधापेक्षा दही बरं, कारण बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. दह्यानेही पोट बिघडत असेल तर नुसतं कलिंगड गोठवा.

२. केळं-नाचणीची बिस्किटं

एक पिकलेलं केळं कुस्करा. त्यात सुमारे १०० ग्रॅम नाचणीचं पीठ आणि लागेल तसं पाणी घालून घट्ट गोळा मळा. पातळ लाटून अंगठ्याच्या नखाएवढे साठेक तुकडे कापा. ओव्हनमध्ये १६० अंशांवर २५ ते ३० मिनिटं भाजा. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून, उलटवत, खुटखुटीत होईपर्यंत भाजा. एका तुकड्यात साधारण सात कॅलरी येतात, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला तीन-चार पुरे. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, फ्रीजमध्ये ठेवा आणि पाच-सहा दिवसांत संपवा. बुरशीचा ठिपका दिसला तर सगळा डबा टाकून द्या, नुसता तो तुकडा नाही.

३. सफरचंदाच्या सुक्या चकत्या

बिया काढलेल्या सफरचंदाच्या तीन-चार मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. ओव्हनमध्ये १०० अंशांवर दोन ते अडीच तास, मध्ये एकदा उलटून सुकवा. उघड्यावर उन्हात वाळवू नका. माश्या बसतात आणि दमट हवेत बुरशी धरते. फळ सुकलं तरी साखर तेवढीच राहते. सगळ्या चकत्या मिळून एक पूर्ण सफरचंद होतं हे लक्षात ठेवा.

४. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी पपई-भोपळ्याचा गर

लाल भोपळ्याची साल आणि बिया काढून फोडी वाफवून घ्या. गार झाल्यावर पिकलेल्या पपईच्या दोन फोडींसोबत कुस्करा. मीठ, तूप, साखर काही नको. दात पडलेल्या कुत्र्याला दोन-तीन चमचे ताटलीत पसरून द्या, म्हणजे तो सावकाश चाटून खाईल. उरलेला गर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा.

कोणत्या कुत्र्यांना आधी विचारल्याशिवाय फळ देऊ नये?

मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, पूर्वी स्वादुपिंडाला आलेली सूज, जास्त वजन, किंवा पशुवैद्यांनी दिलेला खास आहार चालू असेल तर एकही फोड स्वतःच्या मनाने देऊ नका. उदाहरणार्थ, केळ्यात पोटॅशियम जास्त असतं आणि मूत्रपिंडं दुबळी असतील तर ते शरीरात साठू शकतं. आमच्या किडनीच्या रुग्णांना आम्ही हेच पथ्य सांगतो. लहान पिल्लांनाही त्यांचा मुख्य आहार नीट बसेपर्यंत फळांची घाई नको.

खाऊ देताना माणसांनी घ्यायची काळजी

• तुकडे कुत्र्याच्या आकाराप्रमाणे लहान करा. छोट्या जातीच्या कुत्र्याला वाटाण्याएवढे.
• लहान मुलांना हातात खाऊ धरून कुत्र्याशी खेळवू नका. फोड दाखवून मागे ओढणं, खाताना ताटली हलवणं यातून शांत कुत्राही चावू शकतो. मुलांनी तुकडा ताटलीत टाकावा आणि बाजूला व्हावं.
• कुत्र्याच्या तोंडातून काही काढायचं असेल तर बोटं घालू नका, दुसरा आवडीचा खाऊ समोर धरा.
• खाऊ दिल्यावर साबणाने हात धुवा. कुत्र्याची ताटली वेगळी ठेवा आणि वेगळी घासा.
• घरात केमोथेरपी चालू असलेली, स्टिरॉइडची मोठी मात्रा घेणारी, प्लीहा काढलेली किंवा यकृताचा गंभीर आजार असलेली व्यक्ती असेल तर तिने कुत्र्याला जखमा चाटू देऊ नयेत. कुत्र्याच्या तोंडातले काही जंतू अशा रुग्णांच्या रक्तात शिरून गंभीर आजार करू शकतात. अशा व्यक्तीला चावा किंवा ओरखडा लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

चावा किंवा ओरखडा लागला तर

"आपलाच कुत्रा आहे, खाऊ देताना चुकून दात लागला" असं म्हणून बरेच जण हळद लावून गप्प बसतात. तसं करू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. नंतर जंतुनाशक लावून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सोबत कुत्र्याच्या लसीकरणाचं कार्ड न्या. फुटलेल्या कातडीवर किंवा डोळ्या-तोंडाच्या आतल्या ओल्या भागावर कुत्र्याची लाळ लागली असेल तरीही दाखवा.

रेबीजची लस दंडात स्नायूमध्ये दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, आणि कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यावी लागते. खोल किंवा रक्त आलेल्या जखमेत जखमेभोवती वेगळं इंजेक्शनही लागू शकतं. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर रुग्ण वाचणं जवळपास अशक्य असतं. पण वेळेत धुतलेली जखम आणि पूर्ण घेतलेली लस यांनी तो टाळता येतो.

कुत्र्याने चुकून विषारी काही खाल्लं तर

बेदाणे किंवा द्राक्षं खाल्ल्यावर पहिल्या दिवसात उलट्या, मलूलपणा, जेवण नाकारणं असं दिसतं. पुढच्या एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बिघडून लघवी कमी होऊ शकते. झायलिटॉलमध्ये अनेकदा अर्ध्या-एक तासातच उलटी, अशक्तपणा, झोकांड्या खाणं, झटके येणं सुरू होतं. यकृताचा त्रास एक-दोन दिवसांनीही उघड होतो. लक्षणं दिसेपर्यंत थांबलात तर उपचाराचा सर्वांत मोलाचा वेळ हातून जातो. म्हणून:

१. उरलेला पदार्थ कुत्र्यापासून दूर करा.
२. काय खाल्लं, साधारण किती आणि किती वाजता, हे लिहून घ्या. पाकीट टाकू नका, सोबत न्या. कुत्र्याचं वजन माहीत असू द्या.
३. लगेच पशुवैद्यांना फोन करा आणि ते सांगतील तिथे न्या.
४. मिठाचं पाणी, तूप, तेल पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका. मिठाच्या पाण्याने नवी विषबाधा होऊ शकते आणि उलटी फुफ्फुसात जाऊ शकते.
५. झायलिटॉल खाल्लेला कुत्रा गळून गेला असेल पण शुद्धीत असेल, तर पशुवैद्य फोनवर हिरड्यांना साखरेचं पाणी चोळायला सांगू शकतात. बेशुद्ध किंवा झटके येत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात काहीही घालू नका.
६. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशी माणसांची औषधं देऊ नका. कुत्र्याला ती स्वतःच विषासारखी ठरू शकतात.

तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आणि रात्री फोन उचलणारे जवळचे पशुवैद्य, हे दोन्ही नंबर आजच फोनमध्ये भरून ठेवा. मुंबईकरांना परळचं बैल-घोडा हॉस्पिटल ठाऊक असतंच. पण ते उघडं असण्याच्या वेळा आधी विचारून ठेवलेल्या बऱ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फळांचा रस किंवा मिल्कशेक दिला तर?
नको. रसात चोथा राहत नाही, साखर पटकन पोटात जाते आणि किती दिलं ते कळत नाही. तहानेला पाणीच द्यावं.

औषधाची गोळी केळ्यात घालून देता येईल का?
गोळी पशुवैद्यांनी दिलेली असेल आणि रिकाम्या पोटीच द्यायची नसेल तर केळ्याच्या छोट्या तुकड्यात दिली तर चालते. बाजारातलं पीनट बटर वापरणार असाल तर घटक वाचल्याशिवाय नको.

फळ खाल्ल्यावर पातळ शी झाली तर?
फळ बंद करा, नेहमीचं जेवण आणि पाणी चालू ठेवा. एका दिवसात थांबलं नाही, रक्त दिसलं, उलट्या होत असतील किंवा कुत्रा मलूल असेल तर पशुवैद्यांना दाखवा. पिल्लाच्या बाबतीत एक दिवसही थांबू नका.

गल्लीतल्या कुत्र्यांना उरलेली फळं द्यावीत का?
नियम तेच. द्राक्षं, बेदाणे, कोय, बिया नकोत. हाताने भरवू नका, खाली ठेवून दूर व्हा.

त्या आजी पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी फोनमधला मोत्याचा फोटो दाखवला. नाचणीची बिस्किटं आता केळ्याच्या गोडीवरच होतात. पावडरची डबी वरच्या फळीवर गेली आहे आणि तिच्यावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली आहे: "फक्त माझ्यासाठी". तुमच्या घरात कुत्रा आणि मधुमेहाचा रुग्ण दोघेही असतील तर आज एवढं एकच काम करा. शुगर-फ्री डब्या, औषधं आणि बेदाण्यांची बरणी, तिन्ही त्याच्या तोंडाला येणार नाहीत अशा जागी हलवा.